गोळीनंतरची पानं

रामटेकेभाऊंनी मला पहिल्यांदा पाहिलं ते आरशात. स्कूटरचा गोल आरसा, दिवाणाच्या पायथ्याशी ठोकलेल्या लोखंडी पट्टीला बसवलेला. मी दारात चपला काढत होते, तोच आतून आवाज आला, "या बाई. तिथं फरशी ओली आहे, जरा डाव्या हातानं या." मी आत पाहिलं तर बोलणारा माणूस दिवाणावर उताणा, तोंड छताकडे, मान लाकडासारखी ताठ. मी ओली फरशी चुकवून डावीकडून आत गेले.

खरं तर मी नकार द्यायला गेले होते. शाळेतून रिटायर झाल्यापासून भिलाईतल्या आमच्या सेक्टरातल्या मराठी मंडळाच्या दोन लोखंडी कपाटांची किल्ली माझ्याकडे आहे. पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला की मी दुमडणाऱ्याला सोडत नाही, आणि कोणी पेन्सिलीनं रेघ मारली असेल तर खोडरबर घेऊन बसते आणि तोंडानं त्याचा उद्धार करते. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात, खोटं कशाला बोलू. तर रामटेक्यांच्या बायकोनं, वत्सलावहिनींनी, निरोप पाठवला होता की पुस्तकं घरी मिळतील का. घरपोच द्यायला मंडळ म्हणजे काय दूधवाला आहे, असं ऐकवायचं म्हणून मी गेले, आणि पुढची सहा वर्षं दर रविवारी पिशवीत पुस्तकं घालून जात राहिले.

भाऊ इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेनवाले होते. पोलाद वितळवतात त्या शॉपमध्ये वर छताखाली रुळांवर क्रेन फिरते, तिला लटकलेली एवढीशी काचेची केबिन असते. तीस वर्षं त्या केबिनमध्ये बसून, वाकून, मान खाली घालून ते खालची आग पाहत राहिले. वितळलेल्या पोलादानं भरलेलं घराएवढं भांडं उचलायचं, हलू न देता न्यायचं आणि टेकवायचं. "टेकवताना आवाज झाला तं तो क्रेनवाला नाई, हमाल आहे," असं ते म्हणायचे. त्यांच्या हातून कधी आवाज झाला नाही, हे मला त्यांच्या तोंडून नाही, इतरांकडून कळलं. रिटायर व्हायच्या आधीपासूनच पाठीचे मणके एकमेकांना धरायला लागले होते. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं. भाऊ म्हणाले, "गंज धरला, बाई. आता ऑइलिंग करून काही फायदा नाई."

मान खाली जात नाही, वळत नाही. बसलं तर अर्ध्या तासात घाम फुटतो. अशा माणसानं पुस्तक वाचायचं कसं? भाऊंनी पावर हाउस भागातल्या बाजारातून दोन छोट्या पुल्या मागवल्या, छताच्या हुकात अडकवल्या आणि त्यांवरून दोरी सोडली. दोरीच्या एका टोकाला प्लायवूडची पाटी, तिला इलॅस्टिकनं बांधलेलं पुस्तक, तोंड खाली करून. दुसऱ्या टोकाला पत्र्याचा डबा, त्यात नट-बोल्ट. पुस्तकाच्या वजनाइतके बोल्ट टाकले की पाटी अधांतरी राहायची, बोटानं ढकलली की खाली यायची, वर जायची. पान उलटायला मागे रबर असलेली पेन्सिल. या साऱ्या कारभाराला ते क्रेन म्हणायचे.

त्यामुळे त्यांच्याकडे पुस्तकं पानांवर नव्हे, बोल्टांवर मोजली जायची. कवितांचं पुस्तक तीन बोल्टांचं. आत्मचरित्र म्हटलं की आठ-नऊ. मी पिशवीतून पुस्तक काढलं की ते आधी हातात घेऊन डोळे मिटायचे आणि सांगायचे, "साडेअकरा." मग वहिनी डब्यात अकरा बोल्ट आणि एक नट टाकायच्या, आणि पाटी अगदी जागेवर थांबायची. एकदा मी मुद्दाम शब्दकोश नेला. त्यांनी उचलला आणि म्हणाले, "बाई, ह्याच्यासाठी प्लांटातून परमिशन आणा."

आणखी एक गोष्ट पहिल्याच महिन्यात लक्षात आली. त्यांना पाण्याची पुस्तकं हवी असायची. नदी, होडी, बेट, पूर, कोळी, काहीही. "आग लय पाहिली," ते म्हणाले. "पाण्याचं काही आहे का तुमच्या कपाटात?" समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मूळ गाव भंडाऱ्याकडचं, मग भिलाई, मग तो दिवाण. मी दोन्ही कपाटं उपसून जेवढं पाणी सापडलं तेवढं त्यांना नेऊन दिलं.

दुखण्याबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलले तर ड्युटीच्या भाषेत. "आज तो सकाळच्या पाळीत आला." "आज डबल ड्युटी आहे त्याची." दुखणं त्यांच्या लेखी एक कामगार होता, नेमाचा आणि जरा जास्तच प्रामाणिक. दुपारी दोनला प्लांटची पाळी सुटते, बाहेरून मोटरसायकली जातात आणि मग सेक्टरातला रस्ता एकदम शांत होतो. त्या वेळी, ते म्हणायचे, दुखण्याचीही पाळी बदलते. पहिलं गेटातून बाहेर पडलेलं असतं, दुसरं अजून पोचलेलं नसतं. तेवढ्यात वाचून घ्यायचं.

मग अडीचला गोळी. गोळी जबर होती. वीसेक मिनिटांत अक्षरं चालायला लागायची. मी समोर बसलेली असायची, पेरूच्या झाडाची सावली खिडकीतून त्यांच्या पोटावर हलत असायची, वहिनी भाजी निवडत असायच्या, आणि भाऊ शांतपणे सांगायचे, "बाई, आता मी केबिनमध्ये चढतो." डोळे मिटायचे, पण तोंड थोडा वेळ चालू राहायचं. खाली भट्टी नाही म्हणायचे, खाली पाणी आहे. हुक सोडून राहिलो. लय खोल आहे. काहीतरी लागलं. मग एकेक वस्तू वर यायची. कधी बैलगाडीचं चाक, कधी आईचं पाखडायचं सूप, एकदा तर त्यांच्या गावची अख्खी शाळा, बाकांवरून पाणी निथळत असलेली. "टेकवतो हळूच," ते पुटपुटायचे, आणि उजव्या हाताची बोटं चादरीवर अशी अलगद बसायची की मलाही झोप यायची. पुष्कळ रविवारी मी तिथे खुर्चीतच डुलकी काढली आहे. वहिनी मला उठवत नसत.

घोळ झाला तो दीपस्तंभाच्या कादंबरीवरून. समुद्रात खडकावर एक दीपस्तंभ, त्यावर राहणारा रखवालदार, त्याची बायको, दोन मुलं. चांगली बारा बोल्टांची. रखवालदार वादळात नाहीसा होतो, दिवा विझतो, आणि बायको मुलांना घेऊन किनाऱ्यावर निघून जाते. मग पुढे सगळी शहरातली हकिकत.

भाऊ मंडळात येऊ शकत नव्हते म्हणून आम्ही चार-पाच वाचणारे महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जमत होतो. त्यात पिंपळापुरे साहेब होते. प्लांटातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, आणि वाचन असं काटेकोर की एखाद्या पात्राचं जेवण राहून गेलं तरी ते लक्षात ठेवतील. त्या दिवशी भाऊ रंगात आले होते. म्हणाले, "मले सगळ्यात आवडलं ते, ती बाई परत येते ते."

"कोणती बाई?" पिंपळापुऱ्यांनी विचारलं.

"रखवालदाराची बायको, साहेब. रात्रीची एकटी परत येते दीपस्तंभावर. पायऱ्या मोजत चढते. आगपेटी भिजली आहे, तं एक काडी केसांत खोचून ठेवते, डोक्याच्या गरमीनं सुकावी म्हणून. आणि वर जाऊन दिवा लावते."

आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. पिंपळापुरे म्हणाले, "हे पुस्तकात नाही."

"आहे न साहेब. दोनशे बाराव्या पानानंतर पाहा."

पुस्तक तिथंच होतं. पिंपळापुऱ्यांनी पान काढलं, चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं. दोनशे बारा पानावर ती मुलांना घेऊन होडीत बसते. दोनशे तेरावर ती शहरात शिवणकाम करते आहे. बाई परत येतच नाही, शेवटपर्यंत.

"मग हे मले कुठून माहीत झालं?" भाऊंनी विचारलं.

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "गोळीतून."

सगळे हसले. मीही हसले, आज त्याची लाज वाटते. आरशात भाऊंचा चेहरा दिसत होता. त्यावरचा रंग उतरला होता. ज्या माणसानं तीस वर्षं वरून पाहून खालचं बोटभर अंतर कधी चुकवलं नाही, त्याला आता आपण काय वाचलं आणि काय झोपेत पाहिलं हेच कळेना. सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "बाई, मागची सगळी पुस्तकं मी वाचली का नाई? का अर्धी मीच बनवली?" मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता.

त्यानंतर गोळीची वेळ सरकायला लागली. अडीचची तीन झाली, तीनची चार. वाचायचं ते शुद्धीवर, एकही पान गोळीनंतर नाही, असा त्यांनी पण केला. मी रविवारी जायची तर पाटी छातीवर लटकलेली, ओठ दातांखाली, कपाळावर घाम, आणि पेन्सिल पान उलटून राहिली आहे. एक पान वाचायला त्यांना दहा-दहा मिनिटं लागायची. विचारलं तर म्हणायचे, "जमून राहिलं." काय जमून राहिलं होतं, कपाळ? माणूस दुखण्याशी नडू शकतो, पण त्यालाही काही हद्द असते. संध्याकाळी गोळी घेतली तरी मग ती उतरेना आणि लागूही पडेना, रात्रभर ते छताकडे पाहत पडायचे, असं वहिनींनी मला फाटकाशी गाठून सांगितलं.

वहिनी बोलायला कमी. नंदिनी नगरच्या खाणीतल्या कामगाराची मुलगी, हिंदी शाळेत शिकलेली, घरचं मराठी आणि बाहेरचं हिंदी यांच्यात बोलणं वाटून घेतलेलं. एवढ्या वर्षांत त्यांना मी पुस्तक उघडताना पाहिलं नव्हतं, फक्त बोल्ट टाकताना. त्यानंतरच्या रविवारी मात्र त्यांनी माझी पिशवी दारातच धरली.

"बाई, ही पुस्तकं घेऊन जा तुमची. पुन्हा आणू नका."

"अहो पण वहिनी, त्यांना दुसरं आहे काय?"

"मी आहे न," त्या म्हणाल्या. "मी रोज पाहून राहिली. माणूस पांढरा पडते आन् पुस्तकातून डोये काढत नाई. मले नवरा पायजे बाई, वाचनारा नाई पायजे."

पिशवी घेऊन परत फिरले. चौकापर्यंत गेले आणि तिथं माझा राग मला सापडला. वहिनींवर नाही, भाऊंवर. तशीच परत आले, चपला न काढता आत गेले आणि आरशासमोर उभी राहिले. म्हणजे मी त्यांना पूर्ण दिसेन अशी.

क्रेनचा एक नियम त्यांनीच मला सांगितला होता. खाली उभा असलेला इशारा करणारा एकच माणूस असतो, क्रेनवाल्यानं फक्त त्याचंच ऐकायचं. दहाजण ओरडले तरी दुसऱ्या कोणाचं नाही. पण एक इशारा असा आहे की तो कोणीही केला तरी मानायचा, साहेबानं केला तरी आणि चहावाल्यानं केला तरी. तळहात समोर धरायचा. थांब. विचारायचं नाही, आधी थांबायचं.

मी आरशासमोर तळहात धरला.

त्यांची पेन्सिल थांबली. बाहेरून एक मोटरसायकल गेली.

"थांबलो," ते म्हणाले. "पण बाई, लोड हवेत आहे. असा अर्ध्यात लटकवून ठेवता येत नाई. उतरवू कुठं, ते सांगा." मग आवाज खाली आला. "हे गेलं तं माझ्यापाशी निस्तं छत राहते."

उत्तर माझ्या मागून आलं. वहिनी दारात उभ्या होत्या, हात पदराला पुसत.

"मी वाचून दाखवते," त्या म्हणाल्या.

"तुले जमन का?" भाऊंनी विचारलं.

"कावून नाई जमन? बाराखडी तं तेच आहे."

आणि मग घरात एक पद्धत पडली. अडीचला गोळी, ठरल्या वेळी. गोळी घेतली की वहिनी बाजूच्या स्टुलावर बसून वाचायच्या. सुरुवातीला हिंदी बातम्यांसारखं, नको तिथं थांबत. भाऊंचे डोळे मिटले आणि बोटं चादरीवर टेकली की त्या ओळीसमोर पेन्सिलीनं बारीक खूण. तिथपर्यंत पुस्तक लिहिणाऱ्याचं, त्यापुढचं भाऊंचं. दुसऱ्या दिवशी वाचायला बसण्याआधी त्यांनी पहिलं सांगायचं की खुणेच्या पुढे काय झालं. मग वहिनी खरं काय झालं ते वाचायच्या. भाऊंची भीतीच गेली. खूण होती ना, बांध घातल्यासारखी. एकीकडचं पाणी दुसरीकडे जात नव्हतं.

गंमत म्हणजे वहिनींना भाऊंचंच जास्त आवडायला लागलं. एकदा मी होते तेव्हा होडीवाल्याची गोष्ट चालली होती. भाऊंच्या झोपेत होडीवाला वाचला होता, पुस्तकात तो बुडाला. वहिनींनी ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "ह्या लेखकाले काही समजत नाई." भाऊ इतके हसले की पाठ धरली आणि हसत हसतच कळवळले. दुखणं काही कमी झालं नव्हतं. उलट वाढतच होतं, पायापर्यंत उतरलं होतं. पण घरात ते एकटंच राहत नव्हतं एवढं खरं.

पुस्तकं मात्र खुणांनी भरून परत यायची. मी सोमवारी सकाळी खोडरबर घेऊन बसायची आणि एकेक खूण पुसायची. इथं झोपले, इथं झोपले, इथं तर दुसऱ्याच ओळीला झोपले. तोंडानं मात्र उद्धार होत नव्हता. कोणत्या दिवशी दुखणं किती होतं ते मला त्या खुणांवरून कळायचं, आणि पुसताना माझा हात हळू व्हायचा.

मग नागपूरहून मुलगा आला. तिकडे मोठं हॉस्पिटल जवळ आहे, क्वार्टर सोडू या म्हणाला. तो चुकीचं बोलत नव्हता. दुर्गहून दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती तेव्हा मी मंडळाची उरलेली पुस्तकं न्यायला गेले. सामान बांधून झालं होतं. भांड्यांची पोती दाराशी, भिंतींवर कॅलेंडरांच्या जागी पांढरे चौकोन. दिवाण, क्रेन आणि आरसा एवढंच शेवटी काढायचं म्हणून ठेवलेलं. भाऊंनी गोळी घेऊन पाऊण तास झाला होता. डोळे मिटलेले, तरी वहिनी स्टुलावर बसून वाचतच होत्या, अगदी हळू. आता त्यांचं वाचन छान झालं होतं.

मी म्हटलं, "वहिनी, झोपले ते." त्या म्हणाल्या, "हो जी. पुढं काय होते ते मले पाहू द्या." आणि वाचत राहिल्या.

मी खाली बसून माझी पुस्तकं तपासायला लागले. सवयच आहे, पान अन् पान चाळायची. दीपस्तंभाची कादंबरी त्यांनी पुन्हा मागवून घेतली होती, ती त्यात होती. दोनशे बारा आणि दोनशे तेराच्या मध्ये वहीचा कागद होता. नुसता ठेवलेला नाही, शिवणाशी सुईदोऱ्यानं शिवलेला, जणू छापखान्यातूनच आला. अक्षर वहिनींचं. बाई परत येते. पायऱ्या मोजते. काडी केसांत खोचते. दिवा लागतो, आणि लांब एक होडी, जी खडकाकडे येत होती, ती वळते. खाली एक शेवटची ओळ होती. "इतकं सांगून हे झोपले. दिवा चालू आहे."

मंडळाचं पुस्तक. त्यात घरचा कागद, तोही शिवून. उद्या पिंपळापुरे साहेबांच्या हाती गेलं तर ते मला जाब विचारतील. माझी बोटं आपोआप त्या दोऱ्याकडे गेली, एक टाका नखात धरला आणि का कोण जाणे, मान वर करून मी आरशाकडे पाहिलं.

भाऊ आरशातून माझ्याकडे पाहत होते. डोळे अर्धे मिटलेले, गोळीनं जड झालेले. ते जागे होते की वर केबिनमध्ये, मला आजही सांगता येणार नाही. पण त्यांचा उजवा हात चादरीवरून सावकाश उठला आणि तळहात माझ्याकडे झाला.

मी दोरा सोडला.